जुनी ॲल्युमिनियमची सपाट होडी: गळतीपासून मोटारीपर्यंत

सपाट तळाची, चौकोनी नाकाची ॲल्युमिनियमची होडी, म्हणजे जॉन बोट, आपल्याकडे नवी कोरी घेणारे थोडेच. मिळते ती वापरलेली. पूरबचावासाठी घेतलेली आणि नंतर निकाली काढलेली, तलावाचा ठेका संपल्यावर विकायला ठेवलेली, नाहीतर शेडमागे उसाच्या पाचटाखाली पालथी पडलेली. अशा होडीचा पत्रा बहुतेक वेळा शाबूत असतो. तिची वाट लागते ती नदीच्या पाण्याने नव्हे, तर आत अडकून राहिलेल्या पाण्याने: बाकाखालचा फोम, मागच्या पाटीतलं प्लाय, फळीखालचा गाळ. पुढचं सगळं काम हे पाणी बाहेर काढण्याचं आणि पुन्हा अडकू न देण्याचं आहे. खालची मापं १२ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड मिलिमीटर पत्र्याच्या होडीची आहेत.

घेण्याआधी

पहिलं काम वजन. या मापाची रिकामी होडी ६० ते ९० किलोच्या आत भरते. सातारा-सांगलीत उसाचा काटा कुठे शोधावा लागत नाही. पिकअप रिकामी आणि होडीसकट अशी दोनदा चढवा. काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवेल, पण होडी १२० च्या वर गेली तर ते जादा वजन ओल्या फोमचं आहे. बाकाखाली ८ मिलिमीटरचं एक भोक पाडलं की पाणी ठिबकायला लागतं. अशी होडी घेऊ नये असं नाही, फक्त भाव करताना फोम काढण्याचं आणि नवा भरण्याचं काम धरायचं.

मग मागची पाटी, जिथे मोटार अडकवतात. मोटारीच्या जागी दोन्ही हातांनी धरून मागेपुढे जोर द्या. पत्रा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलला की आतलं प्लाय गेलं. बोल्टच्या भोकात दाभण घालून बघा. कोरडं लाकूड दाभण अडवतं, कुजलेलं ओल्या भाकरीसारखं आत घेतं.

तळ बघताना रिबिटांच्या भोवती काळी रेघ दिसते का ते पाहायचं. हलणारं रिबीट पत्र्यावर घासतं, त्याची काळी पूड पाण्याबरोबर ओघळते. पांढरी पूड दिसली तर तिथे पत्रा खाल्ला गेला आहे. खिळ्याने टोकरा. नुसता खड्डा असेल तर दुरुस्ती होते, खिळा आरपार जात असेल तर तिथे ठिगळ लागेल. तळाच्या एकतृतीयांश भागात असं असेल तर ती होडी भंगाराच्या किलोच्या भावानेच मागावी.

गळती बाहेरून नव्हे, आतून शोधायची

पाण्यात सोडून गळती शोधण्यापेक्षा होडीतच पाणी भरणं बरं. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून तळाला हात लावायची हौस नको.

होडी दोन-तीन जाड फळ्यांवर ठेवायची. फळ्या तळाच्या बरगड्यांखाली आल्या पाहिजेत. मग आत तीन इंच पाणी. तीन इंच म्हणजे किरकोळ वाटतं, पण ४८ चौरस फूट तळावर ते साधारण ३४० लिटर होतं, तितकेच किलो. म्हणून काठोकाठ भरू नये, टेकू नसलेला पत्रा खाली पोक काढतो.

बाहेरचा तळ आधी कोरडा पुसून घ्या. दहा मिनिटांनी खाली वाकून विजेरीने बघा आणि प्रत्येक थेंबाला मार्करने गोल करा. थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही, पाणी शिवणीच्या कडेने वाहत येऊन सगळ्यात खालच्या जागी पडतं. होडी थोडी पुढे, मग थोडी मागे कलती करून पुन्हा बघितलं की खरी जागा कळते. जोरात गळणाऱ्या जागेला दोन गोल, नुसतं पाझरणाऱ्या जागेला एक. नंतर काम करताना याचा उपयोग होतो.

रिबिटं

सैल रिबीट लगेच काढून टाकायची गरज नसते. दोन माणसं लागतात. एकाने बाहेरच्या गोल डोक्याला तीन-चार किलोच्या घणाचं तोंड घट्ट टेकवून धरायचं, दुसऱ्याने आतून शेपटीवर गोल डोक्याच्या हातोडीने तीन-चार नेमके ठोके द्यायचे. आवाज बदलतो. आधी पत्र्याचा खळखळाट येतो, रिबीट बसलं की ठोका घणात मुरल्यासारखा ठस्स लागतो. तिथे थांबायचं. आणखी ठोकलं की शेपूट चिरते आणि भोक मोठं होतं, मग दुरुस्तीची दुरुस्ती करत बसा.

गेलेलं रिबीट बदलताना डोक्यावर मधोमध पंच मारून दीड सुताच्या, म्हणजे ४.८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त डोकं उडवायचं आणि दांडा सुंब्याने आत ढकलायचा. ड्रिल वाकडं गेलं की गोल भोकाचं लांबट भोक होतं. तसं झालंच तर दोन सुताचं, म्हणजे ६.४ मिलिमीटरचं रिबीट वापरा.

भरीव रिबिटाची लांबी काढायची रीत सोपी आहे: दोन्ही पत्र्यांची जाडी, अधिक रिबिटाच्या जाडीची दीडपट. दीड-दीडचे दोन पत्रे आणि ४.८ चं रिबीट असेल तर ३ अधिक ७, म्हणजे १० मिलिमीटर. आतून हात पोचत नसेल, बाकाखाली तसंच होतं, तर पॉप रिबीट चालतं. पण हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पॉप रिबीट नको. त्याच्या मधोमध भोक राहतं आणि आत लोखंडी खिळ्याचा तुकडा अडकून गंजतो. बंद टोकाचं, ॲल्युमिनियमच्याच खिळ्याचं मागा. मिळालं नाही तर पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवा, त्यासाठी आठ दिवस काम थांबलं तरी चालेल. प्रत्येक रिबीट बसवण्याआधी भोकात पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, सीलंटचा थेंब. सिलिकॉन वापरू नये, त्यावर रंग धरत नाही आणि एकदा लागलेलं सिलिकॉन पत्र्यावरून पूर्ण निघता निघत नाही.

पाझरणारी शिवण आतून साफ करून, थिनरने पुसून त्यात पीयू सीलंट बोटाने दाबून भरायचं. खाल्लेल्या खड्ड्यांत धातूसाठीची दोन भागांची इपॉक्सी पेस्ट. हाताने मळायची पुट्टी तळाच्या बाहेरच्या अंगाला लावू नये, दगडाला घासली की खपली निघते. चिरेला दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोकं पाडून ती थांबवायची आणि मगच ठिगळ किंवा वेल्डिंग. वेल्डिंग साध्या दांडीचं नको. आर्गॉन वायूवर टिग वेल्डिंग करणारा लागतो. मिरज-कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत चौकशी केली की सापडतो. पत्रा ५०५२ जातीचा असेल, होड्यांना बहुधा तोच असतो, तर ५३५६ ची तार वापरायला सांगा. जुना रंग, सीलंट आणि ओल वेल्डिंगच्या जागेपासून हातभर लांबपर्यंत साफ केलेली हवी, नाहीतर जोड स्पंजासारखा सच्छिद्र होतो.

मागची पाटी

या कामाला घाई केली की दोन वर्षांनी तेच काम पुन्हा करावं लागतं.

कोपऱ्याचे पत्रे आणि आतले तिरके आधार यांची रिबिटं, बोल्ट काढा. प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा लिहा आणि फोटो काढून ठेवा. जुनं प्लाय अखंड निघालं तर तोच साचा. भुगा होऊन निघालं तर पुठ्ठ्याचा साचा करा. पत्र्याच्या खाचेचं अंतर मोजल्याशिवाय प्लाय घेऊ नये. बहुतेक ठिकाणी १८ मिलिमीटरचे दोन थर, ३६ मिलिमीटर, बरोबर बसतात, पण इपॉक्सीच्या थरांनी जाडी दोनेक मिलिमीटर वाढते. खाच ३६ चीच असेल तर एक थर १६ चा घ्या.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीन घ्यायचं. इथे एक गोम आहे आणि सुताराला ती ठाऊक असेलच असं नाही. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून या प्लायला जे औषध दिलेलं असतं, त्यात तांबं असतं. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे चांगलं प्लाय उघडं बसवलं तर तेच पत्र्याला भोकं पाडेल. उपाय एकच: प्लाय सहाही बाजूंनी इपॉक्सीत बंद करायचं.

दोन थर इपॉक्सीने चिकटवून शिकंजांनी रात्रभर दाबून ठेवा. शिकंजे इतके आवळू नका की सगळी इपॉक्सी बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी आकार कापून कडा गोलसर करा आणि पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या, कडांना चार. प्लाय कडेने पाणी पितं. सांगलीच्या उन्हाळ्यात भांड्यातली इपॉक्सी दहा मिनिटांत तापून घट्ट होते. एका वेळी १०० मिलिलिटरच कालवा, उथळ ताटलीत ओता, सकाळी सातला काम सुरू करा.

बोल्टची भोकं जिथे येणार, तिथे आधी दुप्पट मोठं भोक पाडायचं, ते दाट इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधून बोल्टच्या मापाचं भोक. मग बोल्टला लाकूड लागतच नाही. हे केलं नाही तर बाकीच्या सगळ्या थरांना अर्थ उरत नाही, कारण पाणी बोल्टच्या वाटेनेच शिरतं. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे, गोड्या पाण्यात ते पुरतात. डोक्याखाली नायलॉन वायसर आणि सीलंट.

पाटीचा तळ पत्र्याला टेकवू नका, खाली तीन मिलिमीटर फट आणि पाणी निघायला वाट ठेवा. निचऱ्याच्या बुचाची नळी पितळी असेल तर ती काढून प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची बसवा.

पाटीची उंचीही आताच बघून घ्या. तळापासून वरच्या काठापर्यंत १५ इंच असेल तर आखूड दांड्याची मोटार, २० असेल तर लांब दांड्याची. मोटारीच्या पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा एक इंच खाली आली पाहिजे. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता ओरडतो. फार खाली गेली तर कोयना धरणाच्या शिवसागरात मे महिन्यात पाणी उतरल्यावर जे दगडी बांध आणि खोडं वर येतात, ती पहिल्यांदा पंख्यालाच भेटतात.

रंग

साफ करताना तीन गोष्टी लांब ठेवायच्या: कॉस्टिक सोडा, बाथरूमचं ॲसिड आणि लोखंडी तारेचा ब्रश. पहिल्या दोन पत्रा खातात. तिसऱ्याचे कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके उठतात. पाण्याच्या क्षारांचे पांढरे पट्टे साध्या व्हिनेगरने निघतात. जुना रंग नायलॉनच्या डिस्कने किंवा ॲल्युमिनियमला चालणाऱ्या रंगकाढूने काढा.

आधी थिनरने पुसायचं, मगच घासायचं. उलट केलं तर तेलकटपणा ओरखड्यांत भरला जातो. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०. पुन्हा थिनर, आणि पांढऱ्या फडक्यावर डाग येणं थांबेपर्यंत पुसणं. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेनेच लगेच नवा थर चढायला लागतो, म्हणून घासलं त्याच दिवशी प्राइमर.

रंगारी रेड ऑक्साइड सुचवेल. ते लोखंडासाठी आहे. इथे दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर, दोन हात, आणि वर पीयू रंगाचे दोन हात. आम्लाचा एच (etch) प्राइमर इपॉक्सीखाली घालू नये, डब्यावर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घालावा. त्यातलं आम्ल इपॉक्सीला नीट वाळू देत नाही. बाहेरचं क्षेत्र साधारण ९ चौरस मीटर, हाताला एक लिटर धरा. म्हणजे प्राइमर दोन, रंग दोन लिटर, आतल्या बाजूला तितकाच वेगळा. पीयूचा हार्डनर छातीत जाऊ देऊ नये. फवारा मारायचा असेल तर कापडी रुमाल उपयोगाचा नाही, काडतुसाचा मास्क हवा. रोलरने केलं तर फार फरक पडत नाही, होडी ही काही लग्नाची गाडी नव्हे.

वेळ दिवाळीनंतरची. पण थंडीत नदीकाठी सकाळचं दव असतं, म्हणून ११ ते ४. आणि आजूबाजूला ऊसतोड चालू असेल तर विचारून घ्या. पाचट पेटवलं की काजळीच्या काड्या दोन शेतं ओलांडून ओल्या रंगावर येऊन बसतात. शेवटच्या हातानंतर सात दिवस पाणी लावू नये. आतला रंग फिका घ्या, गडद पत्र्यावर एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठरत नाही.

फळ्या बसवण्याआधी एकदा पाण्यात

बहुतेकांची चूक इथे होते. रंग झाला की हौसेने फळ्या, गालिचा, खुर्च्या लागतात आणि पहिल्याच दिवशी फळीखालून पाणी येतं. होडी नुसतीच, रिकामी, धोम किंवा कण्हेर धरणासारख्या संथ पाण्याच्या कडेला दोरीने बांधून अर्धा तास ठेवा. मग दोघांनी आत बसून पुन्हा अर्धा तास, कारण वजन आलं की शिवणी उघडतात. कोरडी राहिली तरच पुढे.

फोम आणि फळ्या

बुडालेली होडी तरंगत राहावी यासाठी किती फोम हवा, हे मोजता येतं. एक लिटर फोम साधारण एक किलो उचलतो. ७५ किलोचा ॲल्युमिनियमचा सांगाडा पाण्याखाली ४७ किलोचाच भार टाकतो. त्यात मोटार २७, बॅटरी १२, आणि धरून लोंबकळणारी तीन माणसं प्रत्येकी दहा किलो. बेरीज ११६. थोडी जादा धरून १५० लिटर फोम घ्या. ४ फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच बाकात ११३ लिटर मावतं, दोन बाक पुरून उरतात.

तो सगळा तळाशी भरू नये. खाली फोम आणि वर पाणी अशी होडी उलटी होते. काही भाग बाकांत, काही दोन्ही काठांखाली. पांढरं थर्माकोल पाणी पितं, दाबलेल्या पॉलिस्टायरीनचे पत्रे बरे. पेट्रोल सांडलं तर दोन्ही विरघळतात, म्हणून टाकी फोमपासून लांब. कमी खर्चात करायचं तर झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बाकात ठासून भरा. काहीही भरा, तळाच्या मधोमध पाणी मागे वाहायची चार इंचांची वाट मोकळी पाहिजे.

मधला बाक कापून मोकळी जागा करायचा मोह होतो. तो बाक बसण्यासाठी नाही, दोन्ही काठ बाहेर फाकू नयेत म्हणून आहे. काढायचाच असेल तर आधी दोन्ही काठांना जाड अँगल आणि फळीखालून आडवा पट्टा द्या, मग कापा.

फळ्यांना १२ मिलिमीटर प्लाय पुरतं, ८ बाय ४ ची शीट सुमारे २४ किलो. १८ ची ३६ भरते, हे वजन विनाकारण आहे. खाली २५ बाय २५ चा ॲल्युमिनियम अँगल दीड-दीड फुटावर. स्क्रू बरगडीत घ्या, तळात नको. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करून ठेवा, नाहीतर सगळ्यात महागडं भोक इथे पडतं. वर गालिचा नको, तो ओला राहतो. शेवटच्या रंगाच्या हातावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरली की पाय घसरत नाही. फळी उचलून खालचं धुता आली पाहिजे, म्हणून तिचे तीन तुकडे करा. पुढचा डेक उंच करायची हौस असेल तर होडीच्या काठाच्या चार इंच खालीच थांबा. वजन वर गेलं की सपाट होडी एका कडेला पटकन झुकते.

वीज आणि मोटार

५५ पौंड रेटा देणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटार पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तास चालली तर चालली, सावकाश चालवली तर दुप्पट-तिप्पट. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी होडीत ठेवू नये, जड असते आणि कलली की ॲसिड पत्र्यावर सांडतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ किलोच्या आत बसते. केबल १६ चौरस मिलिमीटरची, घरातली अडीचची वायर तापून वितळेल. बॅटरीच्या जवळच ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर लावा. घरच्या बोर्डावरचा एसी एमसीबी इथे चालत नाही. आणि ट्रॅक्टरला करतात तशी निगेटिव्ह वायर अंगाला जोडायची नाही. होडीच्या पत्र्यातून वीज वाहिली की पाण्यात तो खाल्ला जातो. दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत.

पेट्रोलची मोटार ५ ते ८ अश्वशक्तीची घ्या. इंजिन बसवलं की इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ नुसार नोंदणी आली. धरणात उतरण्याआधी जलसंपदा खात्याला आणि कोयनेच्या बाजूला वन्यजीव विभागालाही विचारावं लागतं.

माणसं किती, याचा साधा हिशोब: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. १२ गुणिले ४ भागिले १५ म्हणजे तीन, साडेतीन नव्हे. हा आकडा पाटीवर आतून रंगाने लिहा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरात लोकांना काढताना गच्च भरलेली बोट उलटली, ते पलूस तालुका विसरलेला नाही. जॅकेट तीन असतील तर माणसं तीनच.

पहिल्या पाच फेऱ्यांनंतर पाटीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, सुरुवातीला मार्करने केलेले गोल होते त्या जागा हाताने चाचपून बघा. पावसाळ्यात होडी पालथी, दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवायची. ओल्या सिमेंटवर किंवा चुन्याजवळ नको, तेही ॲल्युमिनियम खातात. ताडपत्री अंगाला चिकटवून नव्हे, खाली हवा खेळेल अशी. आणि निचऱ्याचं बूच काढून मोटारीच्या किल्लीलाच दोरीने बांधून ठेवा, म्हणजे ते न लावता कुणी होडी पाण्यात ढकलणार नाही.